विश्लेषण : नळाला पाणी आठवड्याने, डास तयार आठ दिवसांत! टंचाईच्या गावात अळ्या कशा रोखायच्या?

पावसाळा आला की डास वाढतात, हे शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण धाराशिव जिल्ह्यात डेंग्यूच्या डासाला पावसाची वाट पाहावी लागत नाही. त्याच्यासाठी आपणच बारा महिने पाणी भरून ठेवतो. मोरीतला निळा ड्रम, अंगणातला सिमेंटचा हौद, गच्चीवरची टाकी, ओसरीवरचा रांजण आणि गोठ्याजवळ जनावरांसाठी बांधलेली टाकी, असे पाणी घरोघरी असते. नळ रोज येत नाही म्हणून पाणी साठवायचे, त्या पाण्यात डासाने अंडी घालायची आणि मग भिंतीवरच्या पोस्टरने सांगायचे, 'पाणी साठवू नका'. रोज नळ येणाऱ्या फ्लॅटमध्ये हा सल्ला चालेल. कळंब, भूम, परंडा किंवा वाशीच्या गल्लीत जाऊन तो सांगितला तर एखादी आजी सरळ विचारेल, "मग प्यायचं काय?"

प्रश्न रास्त आहे. म्हणून पाणी न फेकता अळी कशी मारायची, हे समजून घेऊ.

आधी मोबाइलचा टॉर्च लावा

हे वाचत असलेला मोबाइल हातात आहेच. टॉर्च सुरू करा आणि ड्रमचे झाकण काढून प्रकाश पाण्यावर तिरका टाका. अळ्या असतील तर त्या उजेडाने किंवा तुमच्या सावलीने दचकून वळवळत तळाकडे जातात. मिनिटभर थांबलात की श्वास घ्यायला पुन्हा वर येतात. अनेक घरांत त्यांना 'पाण्यातले किडे' म्हणतात आणि पाणी गाळून वापरतात. ते किडे आणि रात्री कानाशी गुणगुणणारा डास यांचा संबंध आहे, हेच कित्येकांच्या ध्यानात येत नाही. त्यांच्यात स्वल्पविरामासारखे वाकडे, डोक्याकडे जाड दिसणारे काही हलत असेल तर ते कोष. कोष काही खात नाहीत आणि साधारण दोन दिवसांत त्यांतून डास बाहेर पडतो. म्हणजे कोष दिसले, तर उद्यावर ढकलायला वेळ उरलेला नाही.

अळी पाण्यात कशी राहते यावरून डासाचा अंदाज येतो. पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली अळी बहुधा ॲनोफिलिसची, म्हणजे हिवताप पसरवणाऱ्या डासाची. शेपटीकडची श्वासनळी वर आणि डोके खाली करून लटकणारी अळी एडिस किंवा क्युलेक्सची. एडिस इजिप्ती या डासामुळे डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका पसरतो. त्याला घरातले स्वच्छ पाणी आवडते. क्युलेक्स गटाराच्या घाण पाण्यात वाढतो, रात्री झोप मोडतो आणि हत्तीरोग पसरवू शकतो. डासातून हिवताप पसरतो याचा पहिला ठोस पुरावा रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादमध्ये मिळाला. तेव्हा आपला जिल्हाही निजामाच्याच राज्यात होता. पण घरातल्या ड्रमपुरता आपला मुख्य शत्रू एडिस आहे. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, पायांवर पांढरे पट्टे, आणि चावतो तो दिवसा.

ड्रममध्ये आठ दिवसांत काय घडते?

एडिसची मादी पाण्यावर अंडी सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर आतल्या भिंतीला ती एकेक अंडे चिकटवते. एका खेपेला साधारण शंभर. अंडी मिरीच्या पुडीतल्या कणांसारखी काळी आणि बारीक असतात, सहज दिसत नाहीत. ड्रम कोरडा पडला तरी ती मरत नाहीत, कित्येक महिने तशीच चिकटून राहतात. पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचले की फुटतात.

आता आपण पाणी कसे भरतो ते आठवा. नळ येतो तेव्हा ड्रम अर्धा रिकामा असतो. उरलेले फेकायला जीव होत नाही, म्हणून त्यावरच नवे पाणी भरले जाते. पाण्याची रेषा वर चढते आणि आठवडाभरात भिंतीला चिकटलेली अंडी बरोबर पाण्याखाली जातात. अळ्या बाहेर पडतात, चार वेळा कात टाकतात, कोष होतात आणि उबदार हवेत सात ते दहा दिवसांत डास उडतो. थंडीत हाच प्रवास लांबतो. पुढच्या वेळी नळ येतो तेव्हा पहिली तुकडी ड्रमबाहेर पडलेली असते आणि दुसरीसाठी पुन्हा पाणी वर चढते. एखाद्याला डास पाळायचे असते, तरी याहून चोख व्यवस्था करता आली नसती.

यातच उपायही दडलेला आहे. ड्रम नुसता उपडा करून अंडी जात नाहीत, आतली भिंत घासावी लागते. आणि घासायला ड्रमभर पाणी लागत नाही. काथ्या किंवा ब्रश, थोडी कपड्याची पावडर आणि दोन तांबे पाणी यात काम होते. घासताना हात फिरला पाहिजे तो पाणी जिथपर्यंत राहते त्या रेषेवर आणि तिच्या वरच्या वीतभर पट्ट्यावर. तळ स्वच्छ केला आणि वरचा पट्टा सोडला तर मेहनत वाया. धुतलेले पाणी त्याच ड्रममध्ये परत जाऊ देऊ नका, ते कोरड्या जमिनीवर किंवा उन्हात ओता.

बार्शी फार लांब नाही

चिकुनगुनिया म्हटले की लोकांना २००६ आठवते. त्या वर्षी देशभरात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले आणि महाराष्ट्र सर्वाधिक रुग्णांच्या राज्यांत होता. हात-पाय धरून बसलेली माणसे आणि महिनोन् महिने न जाणारी सांधेदुखी त्या पिढीने पाहिली आहे. पण त्याही आधीचा एक धडा आपल्या अगदी शेजारी गिरवला गेला होता.

१९७३ मध्ये बार्शीत चिकुनगुनियाची साथ आली. भूम-परंड्याच्या लोकांची ही नेहमीची बाजारपेठ. जिल्हा सोलापूर असला तरी पाण्याची आणि उन्हाची तऱ्हा आपलीच. त्या साथीचा पुढे शास्त्रीय अभ्यास झाला आणि त्यात आजारी पडण्याचे प्रमाण ३७.५ टक्के नोंदले गेले. म्हणजे दर आठ माणसांमागे तीन. त्यानंतर जवळपास तीन दशके देशात या आजाराची मोठी साथ आली नाही आणि तो लोकांच्याच नव्हे, यंत्रणेच्याही विस्मरणात गेला. २००५-०६ मध्ये तो परतला तेव्हा गावोगावी त्याचे नावसुद्धा नवे वाटले.

२०२१ च्या जुलैमध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात राज्यातला पहिला झिका रुग्ण सापडला. चिकुनगुनिया असो, डेंग्यू असो की झिका, तिन्हींचा मुख्य वाहक एकच. आजाराची नावे बदलत राहतील, पण त्यांना घरात येण्याचा रस्ता त्याच ड्रममधून आणि त्याच हौदातून जातो. म्हणून 'यंदा आमच्या गावात डेंग्यू नाही' एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. अळ्या असतील तर बाहेरगावाहून आलेला एखादा तापाचा रुग्ण पुरेसा असतो.

साधा हिशेब : अकरा ड्रम

जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले जाते. पाच माणसांच्या घराला रोज २७५ लिटर. नळ आठ दिवसांनी येत असेल तर २,२०० लिटर साठवावे लागतील. २०० लिटरचा ड्रम धरला तर अकरा ड्रम. एवढे ड्रम कुणाकडेच नसतात, म्हणून मग हंडे, कळशा, घागरी, बादल्या, पातेली, रंगाचे डबे, जे हाती लागेल ते भरले जाते. नळ दोन दिवसांनी आला तर हेच काम तीन ड्रममध्ये भागते.

म्हणजे दोन नळांमधले दिवस वाढले की घरातली भांडी वाढतात आणि प्रत्येक भांडे ही डासाची एक शक्यता असते. डासांचा प्रश्न जितका आरोग्य विभागाचा, तितकाच पाणीपुरवठ्याचाही आहे, तो याच अर्थाने. पाणी कमी असणे समजू शकते, दुष्काळ कुणाच्या हातात नाही. पण पाणी नेमके कोणत्या वारी येणार हेच ठरलेले नसेल, तर माणूस घाबरून गरजेपेक्षा जास्त साठवतो आणि जुने रिकामे करण्याची हिंमत करत नाही. गल्लीवार वेळापत्रक ठरवून ते पाळणे आणि चुकणार असेल तर आदल्या दिवशी कळवणे, एवढे नगरपालिकेने आणि ग्रामपंचायतीने केले, तरी आठवड्यातला 'कोरडा दिवस' लोक आपोआप पाळतील. नळ यायच्या सकाळी ड्रम तळाला गेलेले असतात, घासायची तीच वेळ. आज कोरडा दिवस कागदावर एका वारी असतो आणि नळ भलत्याच वारी येतो. भरलेला ड्रम मोकळा करा म्हटले तर कोण ऐकणार?

पाणी न फेकता काय करता येईल?

जुने पाणी आधी वापरा. ड्रमवर खडूने भरल्याची तारीख लिहा आणि सर्वात जुना ड्रम आधी संपवा. इंजिनीअरिंगच्या वर्गात हे गोदामाच्या साठ्याबद्दल शिकवतात, मोरीतल्या ड्रमलाही लागू पडते. कोणतेही भांडे सात दिवसांच्या वर न घासता राहू नये, एवढा नियम पुरे.

पाणी उरलेच असेल तर ते दुहेरी सुती कापडातून गाळून दुसऱ्या, घासलेल्या भांड्यात घ्या. अळ्या कापडावर राहतात. ते कापड उन्हात वाळत टाका, जवळच्या पाण्यात झटकू नका. जुन्या पिढीला हे नवे नाही. नारूच्या काळात बारवेचे, आडाचे पाणी गाळून प्या असे गावोगाव सांगितले जायचे. २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले, आणि लस किंवा खास औषध नसताना हे जमले त्यात साध्या गाळण्याचा वाटा मोठा होता.

झाकण हवेच. पण ड्रमवर आडवी फळी किंवा ताट ठेवणे म्हणजे झाकणे नव्हे. बोटभर फट डासाला दरवाजासारखी असते, उलट आत त्याला हवा असलेला अंधार आणि गारवा मिळतो. जुन्या साडीचा किंवा ओढणीचा तुकडा तोंडावर ताणून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्याने घट्ट बांधा. कापड पाण्यात लोंबू देऊ नका. गच्चीवरच्या टाकीचे झाकण वाऱ्याने उडाले असेल तर आजच वर जाऊन पाहा, आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला बारीक जाळी लावा. संडासच्या टाकीच्या व्हेंट पाइपलाही नायलॉनची जाळी बांधायची असते. काही रुपयांचे काम आहे, पण ते वर चढून करायचे असल्यामुळे राहते.

मराठवाड्यातल्या गावांत आणखी एक जागा असते, जी पोस्टरवर कधी दिसत नाही. नळाचा खड्डा. पाण्याला दाब नसतो म्हणून दारात कमरेएवढा खड्डा खणून खाली तोटी घेतली जाते. नळ गेला की त्यात गुडघाभर पाणी उरते आणि वर एखादा पत्रा टाकला की काम झाले, असे वाटते. नळ गेल्यावर तांब्याने ते पाणी उपसून झाडांना घाला. खड्ड्याच्या तळाशी खडी असेल तर उरलेले मुरून जाते. याशिवाय कूलरची टाकी, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचे टायर, करवंट्या, पक्ष्यांसाठी ठेवलेले पाणी. यातले निम्मे तर आपण विसरूनच गेलेलो असतो. एडिसला चमचाभर पाणीही पुरते.

पावसाचा मुद्दा इथेच. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात पूर आला. मोठा लोंढा अळ्या वाहून नेतो, पण ओसरताना जागोजागी डबकी आणि अडगळीत भरलेली भांडी सोडून जातो. पुरानंतर डास काही दिवस कमी वाटतात आणि मग एकदम वाढतात, त्याचे कारण हे. गाळ काढण्याच्या धांदलीत दारातल्या अडगळीकडे लक्ष जात नाही, हे समजण्यासारखे आहे. पण साफसफाईत पहिली फेरी तिचीच असायला हवी.

औषध किती? आठ थेंब!

आरोग्य कर्मचारी साठवलेल्या पाण्यात टाकतात ते औषध म्हणजे टेमेफॉस. गावात त्याला 'ॲबेट' म्हणून ओळखतात. ते अळीच्या मज्जासंस्थेवर परिणाम करते. पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला एक मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०० लिटरच्या ड्रमला २०० मिलिग्रॅम. औषध ५० टक्के तीव्रतेचे असेल तर ०.४ मिलिलिटर, म्हणजे साधारण आठ थेंब. कुणी अंदाजाने पाच मिलिलिटरचे झाकण भरून ओतले तर प्रमाण साडेबारा पट झाले. म्हणून हे काम प्रशिक्षित कर्मचाऱ्यावर सोडा, बाटली आणून घरी प्रयोग करू नका.

दुसऱ्या बाजूला, योग्य प्रमाणात टाकलेल्या औषधाचाही थोडा वास येतो आणि कर्मचारी पाठ फिरवताच लोक ते पाणी ओतून देतात किंवा त्याला मोरीपर्यंत येऊच देत नाहीत. वासाची तक्रार खोटी नाही. पिण्याचे पाणी वेगळ्या, झाकलेल्या माठात किंवा घागरीत ठेवा आणि वापराच्या पाण्यात औषध टाकू द्या, असा मधला मार्ग निघतो.

विहीर, आड, मोठा हौद, जनावरांची टाकी यांना गप्पी मासे उत्तम. अळ्या हे त्यांचे आवडते खाद्य आणि ते थेट पिल्ले देतात, त्यामुळे संख्या टिकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, गप्पी पैदासीची सोय जवळ कुठे आहे ते कळेल. मात्र हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो नदीत, ओढ्यात किंवा तलावात सोडू नये, तिथल्या स्थानिक माशांच्या अन्नात तो वाटेकरी होतो. दर आठवड्याला रिकाम्या होणाऱ्या ड्रममध्ये त्याचा उपयोग नाही.

जिथले पाणी ना प्यायचे ना वापरायचे, त्या डबक्यावर जळके ऑइल टाकतात. तेलाचा पातळ थर पसरला की अळीची श्वासनळी हवेपर्यंत पोहोचत नाही. विहिरीजवळ किंवा जनावरे पाणी पितात तिथे मात्र हे करू नका. आणि तुरटी? तुरटीने गढूळपणा खाली बसतो, अळी मरत नाही. नळाच्या पाण्यात असते तेवढ्या क्लोरिननेही ती मरत नाही.

धुराची गाडी आली की बरे वाटते, पण...

गल्लीत चार रुग्ण निघाले की पहिली मागणी फवारणीची होते. नगरसेवकाला फोन जातो, धुराची गाडी येते, मुले मागे पळतात, फोटो निघतात. डिजिटल डेस्कवर बसून सांगतो, अळ्या शोधणाऱ्या आशाताईंच्या बातमीपेक्षा त्या धुराच्या फोटोवर जास्त क्लिक पडतात. धूर फक्त त्या वेळी उडणाऱ्या डासांना मारतो, त्याचा परिणाम काही तासांचा असतो आणि पाण्यातल्या अळीला तो शिवतही नाही. एडिस तर घरात, पलंगाखाली, दोरीवरच्या कपड्यांमागे बसलेला असतो आणि आपण धुराचा वास नको म्हणून खिडक्या लावून घेतो. साथ भडकलेली असताना संसर्ग झालेले डास तातडीने मारायला धुरळणीचा उपयोग आहे, ती बंद करा असे कुणी म्हणत नाही. पण वर्षभराचे डास-नियंत्रण म्हणजे धुरळणी, ही समजूत महागात पडते. नगरपालिकेने किती वेळा गाडी फिरवली यापेक्षा, शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती सापडली, हा आकडा विचारा. कंटेनर सर्वेक्षणात तो काढला जातो, त्याला ब्रेटो इंडेक्स म्हणतात. प्रभागवार हा आकडा दर पंधरवड्याला कार्यालयाबाहेरच्या फलकावर लागला, तर कोणत्या गल्लीत काम करायचे ते लोकांनाच कळेल.

असाच एक गैरसमज शोषखड्ड्याबद्दल आहे. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे केले, उघडी गटारे संपवली आणि 'डासमुक्त गाव' म्हणून नाव कमावले. चार फूट लांब-रुंद-खोल खड्डा, मधोमध वरच्या बाजूला भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-खडी. सांडपाणी टाकीत येते, गाळ तळाला बसतो आणि वरचे पाणी भोकांतून जमिनीत मुरते. आपल्या गावांनीही हे करण्यासारखे आहे. गटारातला क्युलेक्स त्याने संपतो, रात्रीची झोप परत मिळते. पण डेंग्यूचा डास गटारात नव्हताच. गाव गटारमुक्त झाले आणि ड्रम तसेच राहिले, तर रात्री शांत झोप लागेल आणि दिवसा एडिस चावत राहील.

घरात तापाचा रुग्ण असेल तर

डेंग्यूवर नेमके औषध नाही, उपचार लक्षणांवर होतात. अचानक चढलेला ताप, डोळ्यांमागे दुखणे, अंगावर पुरळ, सांधे आखडणे यांपैकी काही असेल तर अंगावर काढू नका. ॲस्पिरिन, आयब्रुफेनसारख्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त आले तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवसही जपायचे असतात, गुंतागुंत बहुधा तेव्हाच होते.

आणखी एक काम बहुतेक घरांत राहून जाते. तापाच्या सुरुवातीच्या साधारण पाच दिवसांत विषाणू रुग्णाच्या रक्तात फिरत असतो. त्या काळात चावलेला डास पुढे आठ-बारा दिवसांनी इतरांना आजार देऊ शकतो. म्हणून या रुग्णाला मच्छरदाणी हवी ती दिवसासुद्धा, दुपारच्या झोपेतही. एडिस सहसा फार लांब उडत नाही, त्यामुळे चावणारा डास बहुधा याच घरातल्या किंवा शेजारच्या ड्रममधला असतो. रुग्ण झोपलाय तोवर मोरीतले आणि शेजाऱ्यांचे ड्रम टॉर्च लावून पाहून घ्या.